बेबंद सर्किट

समोर काहीच नव्हतं. तरी बोटीवरचं अंतर मोजायचं यंत्र जिवाच्या आकांताने ओरडत होतं की समोर काहीतरी आहे, अगदी नाकाशी आहे. सुकाणूवर छोटी होती. तिने क्षणभर यंत्राकडे पाहिलं, क्षणभर काचेबाहेर पाहिलं आणि बोट पूर्ण ताकदीने मागे, उलटी मारली. उतरायच्या घाईत दाराशी उभे राहिलेले प्रवासी एकमेकांवर कोसळले. कुणाचा चष्मा गेला, कुणाचं ढोपर फुटलं, आणि एका म्हाताऱ्या बाईचं मनगट मोडलं. बंदराचा धक्का अजून चांगला लांब होता. मधलं पाणी काचेसारखं रिकामं होतं.

चौकशी झाली. तंत्रज्ञांनी तीच बोट, तेच यंत्र घेऊन शांत दुपारी धक्क्यापर्यंत खेपा मारल्या. यंत्राने दर खेपेला बरोबर अंतर दाखवलं. खाडीवर सगळ्यात जुना कप्तान म्हणजे मामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांनाही विचारलं. त्यांनी खांदे उडवले. "माझ्या यंत्रावर असलं काही मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, पण छोटीचं व्हायचं ते नुकसान झालंच. कप्तान घाबरली, असा निष्कर्ष निघाला आणि छोटीला फेरीबोटीवरून उतरवून तिकीट खिडकीत बसवलं.

छोटी नावालाच छोटी. अंगापिंडाने ती थोरल्या बहिणीच्या डोक्यावरून पाहायची, आणि हुकूम सोडला की डेकवरचे दोरसुद्धा सरळ होतात असं तिचे खलाशी म्हणत. अशी बाई काचेच्या खिडकीमागे सुटे मोजत बसली, की ओळखीचे प्रवासी मान खाली घालून तिकीट घ्यायचे. ते तिला जास्त लागायचं.

थोरली बहीण कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. छोटी तिला ताई म्हणायची, म्हणून शेजारीही ताई म्हणत, आणि ते कानावर पडून पडून कॉलेजातले विद्यार्थीही ताईच म्हणायला लागले होते. निकाल लागला त्या संध्याकाळी छोटी ताईकडे जेवायला आली आणि ताट पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. आई तिथेच असायची. ताईचा नवरा, म्हणजे छोटीचे भावोजी, गाडी शिकवायची शाळा चालवायचे. तेही आज विनोद करायला धजत नव्हते.

"मला दिसलं ते दिसलं, ताई," छोटी म्हणाली. "आकडा झपकन खाली आला. मी काय करायला हवं होतं? यंत्र खोटं बोलतंय असं धरून चालायचं?"

"कुणी म्हणालं का तसं?" ताई म्हणाली.

"सगळेच म्हणाले. फक्त साहेबी भाषेत."

आईने तिच्या ताटात भाजी वाढली. "आधी जेव. उपाशी पोटी रडू नये, घशात अडकतं."

"मी रडत नाहीये."

"मग जेवायला काय हरकत आहे?"

छोटी जेवायला लागली. ताईने मात्र हातातला घास तसाच ठेवला होता. "त्या वेळी आजूबाजूला कोण होतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. मामांची बोट तेवढी. त्यांना उशीर झाला होता, ते तेव्हाच धक्क्यावरून निघत होते. पण ते बाजूला होते गं, वाटेत नव्हते."

"त्यांचं तोंड तुझ्याकडे होतं?"

"हो. निघताना वळतात ना, तेव्हा."

ताई उठून उभी राहिली. उष्ट्या हाताने. आई म्हणाली, "हिला काहीतरी सुचलं. आता सगळ्यांचं जेवण गार होणार."

झालंही तसंच. ताईने मीठदाणी आणि पाण्याचा तांब्या टेबलावर समोरासमोर ठेवला. "ही तुझी बोट, हे मामा. तुझं यंत्र एक हाक मारतं. हाक धक्क्यावर आपटते, परत येते. जायला-यायला जितका वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. बरोबर? आता सगळ्या बोटींवर एकाच जातीची यंत्रं आहेत. म्हणजे सगळ्यांची हाक एकसारखी. तू हाक मारलीस आणि प्रतिध्वनीची वाट बघत असताना मामांच्या यंत्राची हाक तुझ्या कानात शिरली तर?"

भावोजींनी कपाळावर हात मारला. "अहो, माझ्या दोन गाड्या पाठीला पाठ लावून मागे घेतल्या ना, की दोन्ही उगाच टीं-टीं करतात! मला वाटायचं पोरं क्लच चुकतात."

"तेच. माझ्या हाकेचा प्रतिध्वनी लवकर आला, म्हणजे भिंत जवळ आहे, असं ते बिचारं समजतं. चौकशीवाल्यांनी शांत दुपारी एकटी बोट नेली. त्यांना काय दिसणार? भुताला यायला दुसरी बोट लागते."

छोटीने ताट बाजूला सारलं. महिनाभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग आला. "म्हणजे मी घाबरट नाही."

"ते मला आधीच माहीत होतं," ताई म्हणाली. "आता यंत्राला कसं शहाणं करायचं ते बघायचं. किंवा खरं सांगू? त्याला वेडं करायला लागेल."

ताईच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक सर्किट बरीच वर्षं पडून होतं. थोडे रेझिस्टर, दोन-तीन कपॅसिटर, एक कॉइल आणि मधे एक असा भाग, की जो विजेला सरळ वागू देत नाही. साधं सर्किट एकदा डोलायला लागलं की घड्याळाच्या लंबकासारखं तेच ते डोलत राहतं. हे तसं नव्हतं. ते वर जायचं, खाली यायचं, मधेच बिथरायचं, पुन्हा वळायचं, आणि एकदा केलेली चाल पुन्हा कधी करायचं नाही. नशिबाचा खेळ म्हणावा तर तेही नाही. त्याचे नियम पक्के होते. पण सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तरी पुढची सगळी चाल निराळी. पुस्तकात त्याला भारदस्त नाव होतं. ताईने त्याला बेबंद असं साधं नाव ठेवलं होतं. सहकारी मजेने विचारायचे, "काय हो, तुमच्या बेबंदला काही वळण लागलं का?" ताई हसून सोडून द्यायची. ते सर्किट कशाच्या उपयोगी पडेल हे तिलाही नीट सांगता येत नव्हतं. आवडायचं, एवढंच.

आता तिला उपयोग दिसला. बोटीने ठरावीक हाक मारायचीच नाही. बेबंदची न संपणारी, कधीही पुन्हा न येणारी खरखर पाण्यावर सोडायची आणि तिची एक नक्कल आपल्यापाशी ठेवायची. प्रतिध्वनी आला की ती नक्कल मागे सरकवत सरकवत त्याच्यावर बसवून पाहायची. जिथे तंतोतंत बसेल, तिथे कळलं की इतका वेळ लागला, म्हणजे इतकं अंतर. शेजारच्या बोटीची खरखर कितीही मोठी असो, ती आपल्या नकलेवर कुठेच बसणार नाही. गर्दीत शंभर लोक बोलत असले तरी आईला आपल्या लेकराचा आवाज कळतो, तसंच.

भावोजींच्या गाडीच्या शाळेमागे मोठं मोकळं आवार होतं. ताईने तिथे लाकडी घोड्यावर अँटेना चढवली आणि आवाराच्या टोकाच्या भिंतीचं अंतर मोजलं. भावोजींनी टेप धरून पडताळलं. जुळलं. मग बंदराच्या गोदामातून छोटीने रीतसर मागून आणलेली दोन जुनी यंत्रं तिने मुद्दाम बेबंदच्या तोंडासमोर सुरू केली. बेबंदच्या आकड्याची पापणीही लवली नाही. ताईने भावोजींच्या हातून टेप काढून घेतला आणि स्वतः जाऊन पुन्हा मोजून आली. तिचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता.

बंदरप्रमुख तसा सरळ माणूस होता, पण कामाखाली पिचलेला. त्याच्या टेबलावर ताईने ती दोन जुनी यंत्रं समोरासमोर ठेवली. एकाचा रोख भिंतीकडे होता, आकडा स्थिर होता. दुसरं सुरू केलं, हळूहळू वळवलं, आणि पहिल्याचा आकडा झपकन खाली कोसळला. बंदरप्रमुख खुर्चीत पुढे सरकला.

"पुन्हा करा."

ताईने पुन्हा केलं. आकडा पुन्हा कोसळला.

"टेबलावर पटलं," बंदरप्रमुख म्हणाला. "पण पाणी म्हणजे टेबल नव्हे, बाई. मला पाण्यावर दाखवा. जादा बोट देतो. सुकाणूला कोण हवं?"

"माझी बहीण."

"ती तिकीट खिडकीवर आहे."

"म्हणून तर मोकळी आहे," ताई म्हणाली. बंदरप्रमुखाला हसू आलं, आणि त्याने होकार दिला.

पहिली पाण्यावरची चाचणी सपशेल फसली. आधी सगळं छान चाललं होतं. ताईने यंत्राला एक छोटा स्पीकर जोडला होता, बेबंदची चाल मंद करून कानाला ऐकू येईल अशी. तव्यावर तेल तडतडावं तशी खरखर केबिनमध्ये भरून राहिली होती. धक्का जवळ आला, छोटीने बोट आडवी सरकवणारा पाण्याखालचा बाजूचा पंखा सुरू केला, आणि पडद्यावर एकाच्या जागी अनेक धक्के उभे राहिले. सारख्या सारख्या अंतरावर, शिडीच्या पायऱ्यांसारखे. छोटीने यंत्राकडे न बघता नजरेने बोट लावली. बंदरप्रमुख मागे उभा होता. त्याने टोपी घातली आणि उतरून गेला. ते जाणं ताईला थपडेसारखं लागलं.

रिकाम्या बोटीत दोघी बहिणी बसून राहिल्या. ताई तारा सोडवायला लागली.

"थांब," छोटी म्हणाली. "तो तुझा स्पीकर. खरखर करत होता ना? मी पंखा लावला तेव्हा शिट्टी वाजवायला लागला."

ताईचा हात थांबला. "शिट्टी?"

"म्हणजे एक सूर. सरळ. मी पंखा बंद केला, पुन्हा खरखर."

"लाव बघू पंखा."

छोटीने पंखा लावला. तडतडणारं तेल एकदम थांबलं आणि बारीक, गोड, एकसुरी शिट्टी घुमली. ताईने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि मोठ्याने हसायला लागली.

"अगं, शिस्त लागली त्याला! पंखा वीज ओढतो, सर्किटला दाब कमी पडतो, आणि बेबंद एकदम गुणी बाळ होतं. तेच ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागतं. मग नक्कल एका जागी बसण्याऐवजी दहा जागी बसते!"

"म्हणजे शहाण्यासारखं वागलं म्हणून बिघडलं?"

"आपल्या घराण्यात शोभेल असंच आहे ते," ताई म्हणाली.

दुखणं कळलं की औषध सापडतं. ताईने सर्किटला इंजिनापासून तोडून त्याची स्वतंत्र बॅटरी दिली, दाब हलू नये याची सोय केली, आणि वर एक पहारेकरी बसवला: खरखर स्वतःची नक्कल करायला लागली तर यंत्राने आकडा दाखवायचाच नाही, लाल दिवा लावायचा. खोटं सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हे तिने त्याला शिकवलं. पुढच्या चाचणीत पंखा लागला, दिवा लागला नाही, धक्का एकच दिसला. बंदरप्रमुखाने या वेळी टोपी काढली.

पण त्याने नवं काम सांगितलं. "तुम्हाला केबिनमध्ये अंतर दिसतं. मला धक्क्यावर दिसायला हवं. आणि त्यासाठी आणखी एक वायरलेस नको. इथे हवेत आधीच बाजार भरलाय."

ताई घरी आली ती गालातल्या गालात हसत. बेबंदची तिची सगळ्यात आवडती खोड तिने अजून कुणाला दाखवलेली नव्हती. दोन बेबंद सर्किटं अगदी सारखी बनवली आणि आपापली सोडून दिली, तर दोघं दोन दिशांना भरकटतात. पण पहिल्याची खरखर दुसऱ्याला ऐकवत राहिलं, तर दुसरं हळूहळू पहिल्याच्या पावलावर पाऊल टाकायला लागतं, आणि मग वळणावळणाला बरोबर चालतं. आता पहिल्याच्या खरखरीत चिमूटभर निरोप मिसळा. ऐकणाऱ्याला नुसती खरखरच ऐकू येईल. दुसरं सर्किट मात्र स्वतःची खरखर त्यातून वजा करेल, आणि उरेल तो निरोप. बोटीची खरखर अंतरही मोजणार आणि तेच अंतर धक्क्याला सांगणारही.

अट एकच होती, जुळं खरोखर जुळं हवं. एकाच छापाचे कपॅसिटरही प्रत्यक्षात थोडे उणे-अधिक असतात. ताईने खोकाभर सुटे भाग जेवणाच्या टेबलावर ओतले आणि घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं. ती मोजून आकडा सांगायची, भावोजी चिठ्ठी चिकटवायचे, आई जोड्या लावायची.

"हा त्याच्याजवळ ठेव."

"नको, हा जरा जाड आहे," आई म्हणायची. "दुसरा बघ. घाईने जमवलेलं टिकत नाही. तुझ्या वेळी आम्ही घाई केली."

"मी इथेच बसलोय, आई," भावोजी म्हणाले.

"म्हणून तर हळू बोलले."

जुळी तयार झाली. एक इंजिनाच्या उष्णतेत राहणार आणि एक धक्क्यावरच्या गारव्यात, मग दोघांची चाल जुळायची कशी, म्हणून ताईने दोघांना आपापल्या बंद डबीत ठेवून आतलं तापमान सारखं राखलं. धक्क्यावरच्या खोलीत बंदरप्रमुखाच्या पडद्यावर पहिल्यांदा खरखरीतून आकडा वर आला, तेव्हा त्याने आजूबाजूच्या दोन माणसांना हाक मारून दाखवला.

शेवटची चाचणी एका सकाळी ठरली होती. पण त्या सकाळी धुकं पडलं. साधं नाही, हात लांब केला तर बोटं दिसेनात असं, जाड, पांढरं. बंदरप्रमुखाने नव्या फेऱ्या बंद केल्या, पण तीन बोटी आधीच प्रवासी घेऊन पलीकडून निघाल्या होत्या. त्या धक्क्याच्या बाहेर येऊन अडकल्या. लांबचं दाखवणारं रडार तिघांपाशीही होतं, पण इतक्या जवळ आल्यावर त्याच्या पडद्यावर सगळं एकमेकांत मिसळून जायचं. जवळचं दाखवणारी यंत्रं तिघांनीही लावली, आणि तिन्ही एकमेकांच्या हाका ऐकून खुळावली. वायरलेसवर नुसता कल्ला.

"समोर बोट आहे! थांबा!"

"मी तुमच्या समोर नाही, मी डावीकडे आहे!"

"यंत्र बंद करा तुमचं!"

"मी बंद करू? मग मी आंधळा होणार, त्याचं काय?"

त्यात मामांचा आवाज सगळ्यात चढलेला होता. "अरे, माझ्या चहूबाजूंनी भिंती दाखवतंय हे! मी हलू कुठे? आणि प्रवाह मला खडकाकडे नेतोय!"

धक्क्यावरच्या खोलीत बंदरप्रमुखाने हे ऐकलं. खिडकीशी ताई आणि छोटी उभ्या होत्या, चाचणी रद्द झाली असं समजून. तो वळला.

"जाल?"

छोटी म्हणाली, "मी तिकीट खिडकीवर आहे, साहेब."

"आत्तापासून नाहीस. बोट तुझी आहे."

छोटी पळतच सुटली. तिच्या मागे ताई, चाचणीसाठी आणलेलं जादा बेबंद यंत्र काखेत मारून. बोटीवर चढल्याबरोबर ताईने ते मागच्या कठड्याला, तोंड मागे करून बांधलं. पुढे एक बेबंद, मागे एक. दोघांची खरखर निराळी, त्यामुळे एकाला दुसऱ्याचा त्रास नव्हता. इतर कुठल्याही यंत्राला हे जमलं नसतं.

"दोर सोडा!" छोटीचा आवाज धुक्यात घुमला, आणि धक्क्यावरच्या जुन्या खलाशाने तो ओळखून "आली रे!" अशी आरोळी ठोकली.

धुक्यात शिरल्यावर जग संपलं. उरली ती केबिन, तडतडणारी खरखर आणि ताईच्या पडद्यावर हिरव्या रेषेतून उभं राहणारं एकच टोक. सगळ्या बोटींच्या हाका त्यांच्यावर आदळत होत्या. केबिनमध्ये अजून काढून न टाकलेलं जुनं यंत्र वेड लागल्यासारखं बोंबलत होतं. बेबंदचं टोक मात्र जागचं हललं नाही, फक्त जसजशी बोट पुढे जात होती तसतसं सरकत होतं.

"ऐंशी मीटर. समोर काहीतरी आहे. भरीव," ताई म्हणाली.

"मामा," छोटीने वायरलेस उचलला, "मी तुमच्याकडे येतेय. भोंगा द्या."

समोरूनच भोंगा वाजला. "कोण, छोटी? पोरी, तुला दिसतंय?"

"दिसत नाही. कळतंय. हलू नका."

मामांच्या बोटीचा काळा कठडा धुक्यातून वर आला तेव्हा दोन्ही बोटी माणसांचे हात एकमेकांना लागतील इतक्या जवळ आल्या होत्या. पलीकडे प्रवासी मुलांना कवटाळून उभे. छोटीने खिडकीतून डोकं काढलं.

"मामा, तुमचं यंत्र बंद करा. माझ्या मागच्या दिव्याकडे बघत या. तुम्ही किती मागे आहात ते ताई सांगत राहील."

मामांनी क्षणभरच विचार केला. मग त्यांनी आपलं यंत्र बंद केलं. उभ्या जन्मात पाण्यावर त्यांनी दुसऱ्याच्या भरवशावर बोट हाकली नव्हती. "चल पोरी. पुढे हो," ते म्हणाले. छोटीने बोट धक्क्याकडे वळवली.

"समोर मोकळं," ताई म्हणत होती. "मामा, थोडे मागे पडलात, या पुढे. बस्स. असेच या." वायरलेसवर तिचा वर्गातला आवाज लागला होता, आणि धुक्यातला तो म्हातारा कप्तान शहाण्या विद्यार्थ्यासारखा ऐकत होता. धक्क्यावर बंदरप्रमुखाच्या पडद्यावर आकडा उतरत होता, आणि तो मोठ्याने वाचून आजूबाजूच्यांना सांगत होता.

धक्का जवळ आला. आणि तेव्हाच जुन्या यंत्राने ती जुनी किंकाळी फोडली. आकडा झपकन खाली. समोर, अगदी नाकाशी. छोटीचा हात लिव्हरवर होता. ताईने ते पाहिलं. याच जागी, याच आवाजाला तिने बोट उलटी मारली होती. आता उलटी मारली तर मामा भरल्या बोटीनिशी मागून येऊन आदळणार होते.

"छोटी," ताई हळूच म्हणाली. "खरे वीस मीटर आहेत. मधे फक्त पाणी आहे."

"नक्की?"

"माझं बेबंद सांगतंय. चाल."

छोटीने बोट पुढे नेली. विसाचे पंधरा झाले. पंधराचे आठ. बाजूचा पंखा लागला. खरखर तशीच, बेगुमान, बेशिस्त, एकही सूर न धरणारी. मग धुक्यातून धक्क्याचे टायर दिसले, आणि बोट त्यांना टेकली ती अशी, की केबिनमधल्या कपातला चहा सांडला नाही.

धक्क्यावर आवाज उठला. मामांची बोट मागोमाग लागली, दोर फेकले गेले, प्रवासी उतरायला लागले. कुणी रडत होतं, कुणी विनाकारण हसत होतं. मामा उडी मारून उतरले आणि थेट छोटीच्या बोटीपाशी आले.

"पोरी," ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज मला दिसलं ते भूत. चौकशीला मी म्हणालो होतो, असलं काही कधी पाहिलं नाही, आणि तेवढ्यावर सोडून दिलं. चुकलो. तू त्या दिवशी जे केलंस तेच मीही केलं असतं."

छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायला तिला सवड नव्हती. बाहेर अजून दोन बोटी होत्या. ती पुन्हा निघाली. दुसरी आणली. तिसरीच्या वेळी धुकं विरळ व्हायला लागलं होतं, तिसरा कप्तान एव्हाना आपणहून यंत्र बंद करून भोंगा देत वाट बघत होता, आणि त्याच्या डेकवरचे प्रवासी त्यांना पाहून टाळ्या वाजवत होते. ताईसाठी आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिने मागे वळून पाहिलं, की या कुणासाठी आहेत. मग कळल्यावर तिने ओशाळून हात हलवला, आणि हलवत राहिली.

तिसरी बोट लागली तेव्हा धक्का माणसांनी भरला होता. भावोजींनी शिकाऊ गाडी धक्क्याच्या तोंडाशीच वाटेत उभी केली होती आणि ते आईला पुढच्या सीटवरून उतरवत होते. बंदरप्रमुखाने कर्णा तोंडाशी धरला.

"सगळ्यांनी ऐका. त्या दिवशीचा दोष कप्तानबाईंचा नव्हता. आमच्या यंत्रांचा होता, आणि चौकशी अपुरी होती. हे मी लेखी देणार आहे, पण आधी तोंडाने सांगतोय. आजपासून त्या त्यांच्या बोटीवर परत. आणि प्रत्येक बोटीवर ताईंचं यंत्र बसेल."

"बेबंद!" गर्दीतून कॉलेजचे विद्यार्थी ओरडले. ते कुठून आले होते कोण जाणे. "बेबंद! बेबंद!"

मागे उभे असलेले दोन सहकारीही टाळ्या वाजवत होते. त्यातला एक, नेहमी वळणाबद्दल विचारणारा, पुढे आला. "काय हो, लागलं का शेवटी वळण?"

"नाही," ताई म्हणाली. "आणि लागू देणार नाही."

छोटी केबिनमधून उतरली, आणि तिने ताईला मिठी मारली. तिच्या उंचीपुढे ताई तिच्या खांद्याशी दबली, गुदमरली, तरी सोडेना. आई काठी टेकत त्यांच्यापर्यंत आली आणि दोघींच्याही पाठीवर एकदमच थाप मारली. तिला एक हात जरा वर, एक हात जरा खाली न्यावा लागला.

धुकं निघून गेलं होतं. पाणी लख्ख दिसत होतं, पलीकडचा किनाराही. दुपारच्या फेरीची वेळ झाली होती आणि तिकीट खिडकीसमोर रांग लागली होती, पण खिडकीत कुणीच नव्हतं. छोटीने तिकडे पाहिलं, खिशातून खिडकीची किल्ली काढून बंदरप्रमुखाच्या हातावर ठेवली, आणि टोपी सरळ करत आपल्या बोटीवर चढली.